स्वतःच्या चाली बांधण्यासाठी अरेंजर घ्यावा की वर्कस्टेशन? सोलापूरहून नवोदितांसाठी

अभंगांना आणि मैत्रिणींच्या कवितांना चाली लावायची सवय मला पेटीवर लागली. त्या चालींना ठेका, बास आणि तंतुवाद्यांची साथ देऊन गाणे पूर्ण करावे असे वाटू लागले, तेव्हा मी शहरातल्या एका दुकानातून कीबोर्ड घेतला. "यात सगळे आहे," असे मला सांगण्यात आले आणि मीही पुढचा प्रश्न विचारला नाही. तो अरेंजर होता, म्हणजे डाव्या हाताच्या कॉर्डनुसार तयार साथ वाजवणारा कीबोर्ड. सहा महिन्यांत पाच गाणी तयार झाली, पण पाचही गाण्यांची साथ एकाच गाण्यातून उचलल्यासारखी वाटत होती. नंतर तो विकून मी घाईने एक जुने वर्कस्टेशन, म्हणजे प्रत्येक वाद्य स्वतः वाजवून थरांनी गाणे बांधायचा कीबोर्ड, घेतले आणि त्यावर पहिले गाणे पूर्ण व्हायला तीन महिने लागले. दोन्ही वाद्ये आपापल्या जागी चांगली होती, माझी निवड करण्याची पद्धत चुकीची होती. ती पद्धत कशी असायला हवी होती, हे या लेखात क्रमाने लिहिले आहे.

१. तुमचे गाणे कुठून सुरू होते, ते आधी लिहून काढा

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर तुमच्या शेवटच्या तीन चाली कशा सुचल्या ते प्रामाणिकपणे लिहा. शब्द वाचता वाचता मुखडा गुणगुणला गेला आणि मग साथीचा विचार आला, की आधी एखादी बासची ओळ किंवा ठेक्यातला खटका डोक्यात घोळत होता आणि त्यावर सुरावट बसली? पहिल्या प्रकारच्या माणसाला गाताना लगेच साथ हवी असते, कारण साथ मिळाली नाही तर अंतरा सुचत नाही. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला तयार साथ अडचणीची वाटते, कारण त्याच्या गाण्याचा जीवच त्या साथीत असतो. हा फरक कळला की अर्धा निर्णय झाला असे समजा.

याच कागदावर आणखी दोन गोष्टी लिहा: तुम्ही लोकांसमोर वाजवणार आहात का, आणि घरी चालू स्थितीतला संगणक आहे का. या दोन्ही उत्तरांचा उपयोग पुढे चौथ्या पायरीत होईल.

२. दोन्ही यंत्रांच्या पोटात काय असते, ते समजून घ्या

अरेंजरमध्ये 'स्टाइल' नावाचे तयार साथीचे नमुने असतात. एका स्टाइलमध्ये इंट्रो, मेनची ए ते डी अशी चार रूपे, मधले फिल-इन, ब्रेक आणि एंडिंग असे तुकडे असतात. यामाहाच्या वाद्यांत अशा प्रत्येक तुकड्याचे आठ भाग पडतात: तालाचे दोन, बासचा एक, कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे) दोन, पॅडचा (लांब धरलेल्या स्वरांचा) एक आणि छोट्या सुरावटींचे दोन. कॉर्गच्या पीए मालिकेतही ड्रम, परकशन, बास आणि साथीचे पाच असे आठ ट्रॅक असतात. डाव्या हाताने कॉर्ड धरली की यंत्र ती ओळखते आणि सगळे भाग त्या कॉर्डकडे वळवते. मूळ नमुना एका आधारभूत कॉर्डमध्ये वाजवून ठेवलेला असतो आणि कॉर्ड बदलल्यावर प्रत्येक भागाने कसे सरकायचे याचे नियम त्याला जोडलेले असतात. म्हणून एक बोट हलवताच पाच-सहा वादक एकदम वळल्याचा भास होतो. यामाहाची पीएसआर-एसएक्स मालिका आणि २०१७ साली आलेला जेनॉस, कॉर्गची पीए मालिका आणि कॅसिओच्या सीटी-एक्स मालिकेतील वाद्ये या वर्गात येतात.

वर्कस्टेशन म्हणजे आवाज, इफेक्ट, ड्रम आणि सिक्वेन्सर (वाजवलेले स्वर थरांनी नोंदवणारी सोय) हे सर्व एकत्र असलेले, पण गाण्याच्या बाबतीत कोरे असलेले यंत्र. ही कल्पना लोकप्रिय केली ती कॉर्गच्या एम१ या वाद्याने. ते १९८८ साली आले, त्याच्या सिक्वेन्सरला आठ ट्रॅक होते आणि एका वेळी सोळा स्वर वाजत असत. आजच्या वर्कस्टेशनमध्ये साधारणपणे सोळा ट्रॅक मिळतात. त्यांतल्या प्रत्येकावर तुम्ही स्वतः एकेक वाद्य वाजवून नोंदवता, चुकलेला स्वर यादीत शोधून दुरुस्त करता, एखाद्या स्वराची लांबी वाढवता, आवाजाचा मूळ पोतही बदलता. कॉर्गचे क्रॉस, क्रोम आणि नॉटिलस, रोलँडचे एफए-०६ आणि फॅन्टम, यामाहाचे मोटिफ आणि एमओएक्सएफ ही या वर्गातली परिचित नावे आहेत. वर्कस्टेशनमध्येही तयार ड्रम पॅटर्न आणि आर्पेजिओ (धरलेल्या कॉर्डचे स्वर एकामागून एक वाजवणारे नमुने) असतात, त्यामुळे दुकानात ते अरेंजरसारखेच वाटू शकते. मात्र इंट्रोपासून एंडिंगपर्यंत गाण्याचा सांगाडा पुरवणारी आणि डाव्या हाताच्या कॉर्डबरोबर वळणारी संपूर्ण साथ त्यात सहसा नसते.

इथे पहिला सापळा आहे. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत दिसणारा प्रत्येक कीबोर्ड या दोनपैकी एका प्रकारचा असतोच असे नाही. रोलँडचा एक्सपीएस-१० हा त्यातल्या भारतीय आवाजांमुळे आपल्याकडे खूप वाजतो आणि मंचासाठी तो उपयोगीही आहे, परंतु तो सिंथेसायझर आहे. त्यात स्टाइलची साथ नाही आणि गाणे थरांनी बांधण्यासाठी सोळा ट्रॅकचा सिक्वेन्सरही नाही. गणेशोत्सवात कोणाकडे तरी पाहिला आणि आवाज आवडला, एवढ्या आधारावर वाद्य घेऊ नका.

दुसरा सापळा अरेंजरच्याच वर्गात आहे. स्वस्त अरेंजर आणि मधल्या किमतीचा अरेंजर यांत आवाजाच्या दर्जाइतकाच मोठा फरक संपादनाच्या सोयींचा असतो. स्वतःची स्टाइल बनवण्याची सोय आणि नोंदवलेल्या गाण्यात स्वर-स्वर दुरुस्त करण्याची सोय या दोन गोष्टी सुरुवातीच्या श्रेणीत अनेकदा नसतात किंवा अगदी तोकड्या असतात. स्वतःचे संगीत करायचे असेल तर याच दोन सोयी तुमच्या कामाच्या आहेत. आवाजांची संख्या सातशे आहे की नऊशे, याने तुमच्या गाण्यात काहीही फरक पडणार नाही.

३. तुमच्या ताल आणि रागांवर यंत्र पारखून घ्या

परदेशी परीक्षणांत ही पायरी सापडत नाही, म्हणून मी इथे थोडे सविस्तर लिहिते.

आधी ताल. केरव्याच्या आठ मात्रा आणि दादऱ्याच्या सहा मात्रा पाश्चात्य मोजमापात सहज बसतात, त्यामुळे या दोन तालांच्या स्टाइल भरपूर मिळतात. भारतासाठी काढलेल्या यामाहा पीएसआर-आय५०० किंवा कॅसिओ सीटी-एक्स९०००आयएन यांसारख्या वाद्यांत तबला-ढोलकीचे ठेके तयारच येतात. भजनी ठेकाही आठ मात्रांचा असल्याने थोड्या खटपटीने जमतो. अडचण येते ती रूपकाच्या तीन-दोन-दोन अशा सात मात्रांत आणि झपतालाच्या दोन-तीन-दोन-तीन अशा दहा मात्रांत. तुमच्या चाली या तालांत असतील, तर स्टाइल बनवण्याच्या पानावर सात किंवा पाचाचे मोजमाप निवडता येते का, ते दुकानातच पाहा. वर्कस्टेशनच्या सिक्वेन्सरमध्ये मोजमाप निवडण्याचे स्वातंत्र्य सहसा जास्त असते. शिवाय भजन शेवटी द्रुत होते तशी लय हळूहळू वाढवणारी नोंदही त्यात स्वतंत्रपणे लिहिता येते. अरेंजरवर प्रत्यक्ष वाजवताना लय हाताने वाढवता येते, पण ती चढण प्रत्येक वेळी सारखी येत नाही.

लावणीच्या ढोलकीचे तोडे किंवा सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांपुढे घुमणाऱ्या हलगीचा कडकडाट मला कोणत्याही तयार स्टाइलमध्ये मनासारखा सापडलेला नाही. असा आवाज तुमच्या गाण्याला हवा असेल, तर बाहेरचे ध्वनिनमुने आत भरण्याची सोय आहे का, हे विचारा. कॉर्गच्या पीए मालिकेतल्या वरच्या वाद्यांत आणि यामाहाच्या पीएसआर-एसएक्स९०० मध्ये ती आहे, अनेक वर्कस्टेशनांतही असते. मी शेजारच्या हलगीवादकाकडून एकेक आघात वेगळा वाजवून घेतला, फोनवर न घेता चांगल्या मायक्रोफोनने नोंदवला आणि तो एका ड्रम किटमध्ये बसवला. दोन संध्याकाळी लागल्या, पण त्यानंतरच्या प्रत्येक गाण्यात तो आवाज माझा स्वतःचा राहिला.

आता राग. अरेंजर कॉर्डवर चालतो आणि आपल्या चाली रागावर चालतात, या एका गोष्टीमुळे सर्वांत जास्त घोटाळे होतात. मालकंसचे उदाहरण घ्या. त्यात सा, कोमल ग, म, कोमल ध आणि कोमल नी एवढेच स्वर असतात. रे आणि प वर्ज्य आहेत. पांढरी एकला, म्हणजे सी या स्वराला, सा मानून तुम्ही डाव्या हाताने सी मायनर धरलीत, की बास लगेच सा आणि प यांच्यात झुलू लागतो, कारण बहुतेक स्टाइलमध्ये बास मूळ स्वर आणि त्याचा पाचवा यांवरच बांधलेला असतो. वर्ज्य पंचम कानावर पडताच मालकंस मोडतो, आणि नवख्या माणसाला आपलीच चाल बेसूर झाली असे वाटते. यावर उपाय असा, की सी मायनरऐवजी एफ मायनर धरावी. तिचे स्वर म, कोमल ध आणि सा, म्हणजे तिन्ही रागातलेच आहेत आणि बास आता म आणि सा यांच्यात फिरतो. तरीही सुरावटींचे भाग मधूनच पंचम घेऊ शकतात, म्हणून ते दोन भाग बंद करून ऐका आणि मग एकेक सुरू करा.

दुसरी युक्ती तंबोऱ्यासारख्या साथीसाठी आहे. डाव्या हाताने फक्त मूळ स्वर आणि त्याचा पाचवा एवढेच धरले, तर अनेक अरेंजर ती गंधाराविना कॉर्ड म्हणून ओळखतात आणि साथ सा-प वर स्थिर राहते. ज्या रागांत पंचम आहे पण गंधाराला कॉर्डमध्ये बांधून टाकायचे नाही, तिथे ही साथ फार शोभते. वर्कस्टेशनवर हे प्रश्न उद्भवतच नाहीत, कारण बासचा प्रत्येक स्वर तुम्हीच ठेवता. पण तो कुठे ठेवायचा हेही तुम्हालाच ठरवावे लागते, आणि सुरुवातीला तेच जड जाते.

स्वरांच्या जागांबद्दल एक सूचना. कीबोर्डचा शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर असतो (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग), तर तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. एकेका स्वराची जागा सरकवणारी 'स्केल ट्यून'ची सोय असेल तर गंधार १४ सेंट खाली घेऊन पाहा. मात्र हा बदल शक्य असल्यास उजव्या हाताच्या आवाजापुरताच ठेवा, नाहीतर कॉर्डची साथ विचित्र ऐकू येते.

४. दुकानात स्वतःची आठ आवर्तने घेऊन जा

वाद्य पाहायला जाताना पुढील वस्तू सोबत असाव्यात:

• तुमच्याच एका अपूर्ण चालीची आठ आवर्तने, फोनवर गाऊन ठेवलेली आणि वहीत स्वरलिपीत लिहिलेली
• मोठ्या, म्हणजे ६.३५ मिलिमीटरच्या जॅकचे अडॅप्टर असलेला हेडफोन
• एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला, ३२ जीबीपर्यंतचा पेन ड्राइव्ह
• त्या मॉडेलची उत्पादकाने दिलेली माहितीपुस्तिका, फोनमध्ये उतरवून घेतलेली

डेमोचे बटण दाबू देऊ नका. डेमो नामवंत वादकांनी आठवडेच्या आठवडे घालून बनवलेला असतो. तो ऐकून यंत्राची ताकद कळते, तुम्हाला त्यावर काय करता येईल ते कळत नाही.

अरेंजरवर ही चार कामे करा. तुमच्या चालीला जवळचा ठेका शोधा. त्या स्टाइलमधल्या बासचा एक स्वर बदला. बदललेली स्टाइल पेन ड्राइव्हवर ठेवा. मग वाद्य बंद करून पुन्हा सुरू करा आणि ती स्टाइल उघडून दाखवायला सांगा. वर्कस्टेशनवर आठ आवर्तनांचा ठेका नोंदवा, त्याखाली बास वाजवा, त्यातला एक चुकीचा स्वर यादीत शोधून दुरुस्त करा आणि तसेच जतन करून पुन्हा उघडा. प्रत्येक यंत्राला निदान पाऊण तास द्या. विक्रेत्याला एखादी गोष्ट दाखवता आली नाही तर पुस्तिकेत 'स्टाइल क्रिएटर' (स्टाइल बनवणे), 'स्टेप रेकॉर्ड' (एकेक स्वर क्रमाने भरणे) आणि 'इव्हेंट एडिट' (यादीतला स्वर दुरुस्त करणे) हे शब्द शोधा. ते नसतील तर ती सोयही बहुधा नाही.

सोलापुरात सुरुवातीच्या श्रेणीतले कीबोर्ड सहज पाहायला मिळतात, पण मोठी मॉडेल, विशेषतः वर्कस्टेशन, जोडून वाजवायला मिळतीलच असे नाही. मी त्यासाठी सकाळच्या गाडीने पुण्याला गेले. अंतर साधारण अडीचशे किलोमीटर आहे, त्यामुळे निघण्याआधी फोन करून दोन गोष्टी पक्क्या करा: मॉडेल प्रत्यक्ष ठेवलेले आहे ना, आणि ते खोक्यातून काढून जोडलेले आहे ना. पहिल्या खेपेला मी हे विचारले नव्हते आणि बंद खोके पाहून परत आले.

या चाचणीनंतर माझा सल्ला असा राहील. तुम्ही भजनी मंडळात किंवा कार्यक्रमांत वाजवत असाल आणि चाल गाता गाता सुचत असेल, तर मधल्या श्रेणीचा, स्टाइल बनवता येणारा आणि गाणे संपादित करता येणारा अरेंजर घ्या. तुम्ही लोकांसमोर वाजवत नसाल, रात्री शांतपणे बसून एकेक थर रचायची चिकाटी असेल, तर वर्कस्टेशन घ्या. घरी चांगला संगणक असेल आणि त्यावर काम करायला तुम्ही कचरत नसाल, तर वर्कस्टेशनच्या सिक्वेन्सरचे काम रीपर किंवा क्यूबेससारखे सॉफ्टवेअर अधिक मोठ्या पडद्यावर, अधिक सोयीने करते. अशा वेळी पैसे अरेंजरवर घालणे मला जास्त शहाणपणाचे वाटते, कारण अरेंजर जे करतो ते संगणकावर तितक्या चटकन होत नाही. स्टाइल बनवता न येणारा स्वस्त अरेंजर मात्र स्वतःच्या संगीतासाठी घेऊ नका. चालीचा कच्चा आराखडा करण्यापलीकडे तो पोचत नाही आणि वर्षभरात बदलावा लागतो.

५. खरेदीचे कागद आणि जुन्या वाद्याची तपासणी

नवीन वाद्य घेताना अनुक्रमांक लिहिलेले जीएसटी बिल, शिक्का मारलेले हमीपत्र आणि वाद्यासोबतचा मूळ अडॅप्टर या तीन गोष्टी हातात आल्याशिवाय निघू नका. हप्त्यांवर घ्यायचे असेल तर आधार, पॅन आणि बँकेचे तपशील लागतात. जुने वाद्य घेताना विकणाऱ्याकडून अनुक्रमांक, रक्कम आणि तारीख लिहिलेली सही केलेली पावती घ्या, आणि तोच अनुक्रमांक वाद्याच्या पाठीवर आहे का, ते स्वतः पाहा.

अडॅप्टरबाबत विशेष काळजी घ्या. काही वाद्ये १२ व्होल्टवर चालतात, काही १६ व्होल्टवर, आणि पिनच्या आतल्या-बाहेरच्या बाजूचा धन-ऋण क्रमही सर्वत्र सारखा नसतो. पिन बसते म्हणून अडॅप्टर चालतो असे कधीही समजू नका.

रोलँडची एक्सपी-६० आणि एक्सपी-८० ही सिक्वेन्सर असलेली जुनी वर्कस्टेशन अजूनही विकायला निघतात. त्यांचे आवाज अनेकांच्या कानात बसलेले आहेत, पण गाणी साठवायला त्यांत फ्लॉपी लागते. फ्लॉपीचा खण चालतो का आणि आतली स्मृती राखणारी बॅटरी शाबूत आहे का, हे पाहिल्याशिवाय किमतीचे बोलू नका. कोणत्याही जुन्या कीबोर्डची प्रत्येक पट्टी हळू, मध्यम आणि जोरात अशी तीनदा दाबा. एखादी पट्टी नेहमीच जोरात वाजत असेल, तर तिच्याखालचा रबरी संपर्क गेलेला असतो. पडद्याचा प्रकाश, स्वर वर-खाली ओढणारे पिच बेंडचे चाक मध्यावर परत येणे आणि मिडी आउट (स्वरांच्या सूचना दुसऱ्या यंत्राला पाठवणारी जोडणी) याही गोष्टी तपासा.

६. घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात करायच्या गोष्टी

पहिल्याच दिवशी जतन करण्याची सवय लावा. अनेक वर्कस्टेशनांत सिक्वेन्सरमधले गाणे वीज जाताच पुसले जाते, कारण ते जतन करेपर्यंत तात्पुरत्या स्मृतीत असते. आमच्या भागात यंत्रमाग सुरू होताना दिवे मिचकावतात आणि पावसाळ्यात वीज केव्हाही जाते. माझे चार तासांचे काम असेच गेले, त्यानंतर मी छोटा यूपीएस घेतला आणि दर अर्ध्या तासाने जतन करू लागले.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. बंद गाडीत वाद्य ठेवू नका, खिडकीतून थेट ऊन येते तिथेही ठेवू नका, आणि वाजवून झाल्यावर धुळीसाठी कापडी आच्छादन घाला. प्लास्टिकच्या आच्छादनात आत उष्णता कोंडते.

संगणकाला जोडल्यावर प्रत्येक स्वर दुहेरी, फुगल्यासारखा ऐकू आला, तर वाद्य बिघडले असे समजून घाबरू नका. तुमची पट्टी आतला आवाज थेट वाजवते आणि संगणक तोच स्वर परत पाठवून पुन्हा वाजवतो. वाद्यातील 'लोकल कंट्रोल' बंद केले की हा दोष जातो. ते बंद असताना केबल काढली तर वाद्य मुके झाल्यासारखे वाटते, तेव्हा परत सुरू करायला विसरू नका. सस्टेन पेडल उलटे चालत असेल, म्हणजे पाय उचलल्यावर स्वर लांबत असतील, तर वाद्य बंद करून पेडलवर पाय न ठेवता पुन्हा सुरू करा. बऱ्याच वाद्यांत एवढ्याने दुरुस्त होते.

'ट्रान्सपोज' बटणाच्या आहारी जाऊ नका. काळी चारच्या गायिकेसाठी पांढरी एकवरच वाजवून बटणाने पट्टी बदलणे कार्यक्रमात ठीक आहे, पण गाणे नोंदवताना कोणत्या गाण्याला किती ट्रान्सपोज होते हे विसरले, की पुढे थर जुळत नाहीत.

७. अरेंजरवरच्या तयार साथीतून स्वतःचे गाणे कसे काढावे

अरेंजर घेतलेल्यांसाठी ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण माझी पहिली पाच गाणी इथेच अडली होती.

तुमची चाल स्टाइलसह वाजवा आणि ती मिडी गाणे म्हणून नोंदवा. यामाहाच्या वाद्यांत या नोंदीत उजव्या-डाव्या हाताचे भाग पहिल्या तीन-चार चॅनेलवर जातात आणि स्टाइलचे आठ भाग नऊ ते सोळा या चॅनेलवर वेगवेगळे पडतात. म्हणजे आता साथ बांधून दिलेली राहिली नाही, ती आठ सुट्या भागांत तुमच्यासमोर आहे. सर्वांत आधी बासचा भाग पूर्ण पुसा आणि स्वतः वाजवा. एका मुखड्याचा बास स्वतः वाजवला, की गाण्याचा चेहरा किती बदलतो ते लगेच कळते. त्यानंतर सुरावटींचे दोन्ही भाग काढा आणि त्या जागी तुमच्याच अंतऱ्यातून निघणारी एखादी ओळ बासरीच्या किंवा व्हायोलिनच्या आवाजात ठेवा. इंट्रो आणि एंडिंग तयार वापरू नका, ओळखीची साथ तिथेच सर्वांत लवकर ओळखू येते. ठेका ठेवायचा असेल तर ठेवा, पण समेच्या आधीची भरणी स्वतःची घाला. इतके झाल्यावर मूळ स्टाइलमधले फार तर दोन-तीन भाग शिल्लक राहतात.

ही मिडी फाइल दुसऱ्या वाद्यावर किंवा संगणकावर उघडली, तर कधी कधी गिटारमधून ठोकल्यासारखे, घासल्यासारखे विचित्र आवाज येतात. यामाहाच्या 'मेगा व्हॉइस' प्रकारच्या आवाजांत स्वर किती जोराने दाबला यावरून वेगवेगळ्या तऱ्हा वाजतात आणि तारेचा खरखराट, ठोका यांसाठीही वेगळे स्वर राखलेले असतात. दुसऱ्या यंत्राला हे संकेत कळत नाहीत, म्हणून ते तेच स्वर साध्या गिटारवर वाजवते. मिडीमध्ये आवाज नसतो, फक्त कोणता स्वर केव्हा आणि किती जोराने वाजला याच्या सूचना असतात. म्हणून असे भाग मूळ वाद्यावरच वाजवून ध्वनी म्हणून नोंदवा आणि मगच संगणकात न्या. सोळा बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झच्या स्टीरिओ नोंदीला मिनिटाला सुमारे दहा एमबी जागा लागते, त्यामुळे जागेची चिंता करण्याचे कारण नाही.

८. गाणे बाहेर काढण्यापूर्वी हक्क आणि फाइल

भारतातील १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार गाण्याचे शब्द आणि गाण्याची चाल ही दोन वेगळी निर्मिती मानली जातात. संत तुकारामांच्या अभंगाचे शब्द सर्वांसाठी खुले आहेत, पण त्याच अभंगाची एखाद्या संगीतकाराने बांधलेली प्रसिद्ध चाल त्या संगीतकाराची असते आणि तिचे संरक्षण त्याच्या निधनानंतरही साठ वर्षे चालते. मैत्रिणीची कविता घेतली असेल तर तिची लेखी परवानगी घ्या, मैत्री कितीही जवळची असली तरी.

वाद्यात आलेल्या स्टाइल आणि तयार सुरावटी प्रसिद्ध करायच्या गाण्यात कोणत्या अटींवर वापरता येतात, ते माहितीपुस्तिकेच्या सुरुवातीच्या पानांत दिलेले असते, ते वाचा. पेन ड्राइव्हवर भरून मिळणाऱ्या 'हजार स्टाइल'च्या संचांपासून दूर राहा, कारण त्यातील कोणती कोणाची हे सांगता येत नाही. तीच तयार सुरावट दुसऱ्या कोणाच्या गाण्यातही असेल, तर व्हिडिओच्या संकेतस्थळांवर आपोआप दावा येऊ शकतो. अशा वेळी तुमचे गाणे थराथराने कसे तयार झाले हे दाखवणाऱ्या जुन्या फाइल उपयोगी पडतात.

म्हणून प्रत्येक बैठकीची फाइल वेगळी ठेवा, जुनीवर नवी लिहू नका. माझ्या फाइलच्या नावात आधी गाण्याचा पहिला शब्द, मग पट्टी, मग ताल आणि शेवटी तारीख असते, आणि प्रत्येक फाइल पेन ड्राइव्हवर व संगणकावर अशा दोन ठिकाणी असते.